बोरचं मॉडेल चुकीचं, तर मग पोरांना शिकवायचं कशाला?

कळंबा_रोड
मुलगी अकरावी सायन्सला आहे. अणुसंरचनेचा धडा नुकताच झाला. क्लासच्या सरांनी थॉमसन, रदरफोर्ड, बोर असं सगळं ओळीनं घेतलं, बोरची (इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती ठरावीक गोल कक्षांतच फिरतात, हे त्याचं मॉडेल) गणितं घोटून घेतली आणि शेवटी ‘बोर मॉडेलच्या मर्यादा’ लिहून देताना सांगितलं की इलेक्ट्रॉन असे गोल फिरत नाहीतच मुळी. तेव्हापासून पोरगीनं डोकं खाल्लंय. चुकीचं आहे तर पाठ कशाला करायचं?

मी कॉमर्सवाला, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत दुकानांचे हिशोब बघतो. आमच्यात नोंद चुकली की उलटी नोंद मारून मोकळं होतात, तीच नोंद पोरांकडून घोटून घेत नाहीत. तिचे प्रश्न जसेच्या तसे टाकतो. इलेक्ट्रॉन फिरत नसेल तर कवच म्हणजे नक्की काय? या ऊर्जापातळ्या कुणाला प्रत्यक्ष दिसल्यात का? आणि मॉडेल चुकीचं तर गणिताची उत्तरं बरोबर कशी येतात? शेवटचा प्रश्न मलाही छळतोय. जाणकारांनी उजेड पाडावा.

मास्तर_निवृत्त
आधी पोरीला शाबासकी द्या. उभी हयात फिजिक्स शिकवण्यात गेली, पण हा तिसरा प्रश्न विचारणारी पोरं बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

गोम अशी की आपली पुस्तकं ही गोष्ट उलट्या बाजूनं सांगतात. आधी मॉडेल, मग त्याला चिकटवलेला ‘हायड्रोजनचा वर्णपट’. खरं तर वर्णपटातल्या रेषा आधी आल्या, मॉडेल नंतर. मधे २८ वर्षं गेली.

हायड्रोजन भरलेल्या नळीतून वीज सोडली की गुलाबीसर उजेड पडतो. तो लोलकातून पाहिला तर इंद्रधनुष्य दिसत नाही, सुट्या रेषा दिसतात: ६५६.३ नॅनोमीटरला तांबडी, ४८६.१ ला हिरवट निळी, ४३४.० आणि ४१०.२ ला जांभळ्याकडे झुकणाऱ्या. ॲंगस्ट्रॉम या स्वीडिश शास्त्रज्ञानं त्या फार काटेकोर मोजून ठेवल्या होत्या. स्वित्झर्लंडात बाझलला मुलींच्या शाळेत गणित शिकवणारे योहान बाल्मर हे आकडे घेऊन बसले. वय साठ. १८८५ साली त्यांना सापडलं की ३६४.५६ या एकाच संख्येला ९/५, ४/३, २५/२१ आणि ९/८ नं गुणलं की चारही रेषा मिळतात.

आता पोरीला सांगा, ४/३ च्या जागी १६/१२ लिही आणि ९/८ च्या जागी ३६/३२. वरचे आकडे ९, १६, २५, ३६. खालचे प्रत्येकी चारनं कमी. दिसलं? मग पुढचा अपूर्णांक ४९/४५, म्हणजे रेषा ३९७ च्या आसपास हवी. बाल्मरना ती माहीत नव्हती. विद्यापीठातल्या हागेनबाख यांनी सांगितलं, अहो, ती मोजून झालीय, आहे तिथंच.

हे सगळं इलेक्ट्रॉनचा पत्ता लागण्याच्या बारा वर्षं आधी. थॉमसनचे प्रयोग १८९७ चे. सूत्र हातात, आणि ते का चालतं हे दुनियेत कुणालाच ठाऊक नाही.

जुना_खासबाग
मास्तर, वाचनखूण साठवली. आमच्या वेळी थॉमसनचं मॉडेल म्हणजे कलिंगड, लाल गर धन आणि बिया ऋण, एवढ्यावर दोन मार्क पडायचे. बाकी सगळं पंचगंगेला वाहिलं.

मास्तर_निवृत्त
खासबागकर, कलिंगडाच्या बिया कशाही पडलेल्या असतात. थॉमसनच्या १९०४ च्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉन वर्तुळात मांडलेले होते, कितीचं वर्तुळ स्थिर राहील याचं त्यांनी पानंच्या पानं गणित केलं होतं. त्याच वर्षी जपानात नागाओकांनी शनीसारखं मॉडेल मांडलं, मधे जड धनभार आणि भोवती इलेक्ट्रॉनांचं कडं. माणसं हुशार होती, आपण पुस्तकात त्यांना उगाच भोळसट करून टाकलंय.

गुजरीकर
सोन्याचा विषय निघणार म्हणून आलो. रदरफोर्डनं कणांचा मारा करून अणू तपासायला सोन्याचाच पत्रा का घेतला? आमच्याकडं वर्ख ठोकतात तो बघितलाय, फुंकर मारली तर उडतो.

शेंडा_पार्क
गुजरीकर, उत्तर तुम्हीच दिलंत. सोन्याइतका पातळ ठोकता येणारा दुसरा धातू नाही. रदरफोर्डच्या १९११ च्या लेखात पत्र्याची जाडी ०.००००४ सेंटीमीटर दिलीय. त्यातून जाताना २०,००० अल्फा कणांतला (किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे धनभारित कण) साधारण एक सरासरी ९० अंशांतून वळला. पुष्कळ ठिकाणी ८,००० त एक असं वाचायला मिळतं, तो आकडा १९०९ चा, आणि प्लॅटिनमवरून उलटे फिरलेल्या कणांचा. मोजायचं काम गायगर आणि मार्सडेनचं. अंधाऱ्या खोलीत बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावर उठणारे ठिपके सूक्ष्मदर्शकातून एकेक मोजायचे. मार्सडेन तेव्हा पदवीसुद्धा न झालेलं पोरगं होतं.

एवढं वळवायला सगळा धनभार एका इवल्याशा जागी गोळा झालेला हवा. असं अणूच्या मधोमध केंद्रक बसलं आणि नवं दुखणं निघालं. गोल फिरणारा इलेक्ट्रॉन म्हणजे दिशा बदलणारा भार, आणि मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय सिद्धांतानुसार असा भार सतत ऊर्जा फेकत राहतो. हिशोब केला तर इलेक्ट्रॉन सेकंदाच्या दहा अब्जाव्या भागाच्या आत केंद्रकात जाऊन पडायला हवा. म्हणजे गुजरीतलं (आपल्या सराफ बाजारातलं) सोनं सोडा, गुजरीच उरत नाही.

विद्यार्थी_प्राचीन
महर्षी कणादांनी परमाणू हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवला होता. पाश्चात्त्यांचं कौतुक पुरे.

शेंडा_पार्क
कणादांबद्दल आदर आहेच. पण वैशेषिकातला परमाणू म्हणजे ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत तो. इथं चर्चा चाललीय तुकडे झालेल्या अणूच्या आतल्या रचनेची. वेगळा धागा काढा, तिथं येतो.

उद्यमनगरी
पातळ्या कुणाला दिसल्यात का म्हणून विचारलंय, तर भावा, आमच्या फौंड्रीत रोज दिसत्यात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठल्याबी बऱ्या फौंड्रीच्या लॅबमध्ये जा.

भट्टीत मेटल तयार झालं की पळीभर काढून तांब्याच्या साच्यात ओततो. रुपयापेक्षा मोठी चकती पडते. ती झटक्यात थंड व्हायला लागते, नाहीतर कार्बन ग्रॅफाइट होऊन सुटा पडतो आणि रीडिंग बोंबलतं. मग बेल्टवर घासायची, चकचकीत नको, नुसती सपाट. स्पेक्ट्रोच्या (रेषा मोजणाऱ्या मशीनच्या) स्टँडवर उपडी ठेवायची, क्लॅम्प लावायचा, बटण दाबायचं. खालनं आर्गॉन येतो, सर्रर्र आवाज होतो, ठिणगी पडते. चकती उचलली की मधे पांढुरका खळगा आणि भोवती काळं कडं. कडं नीट नाही आलं तर तो बर्न धरायचा नाही, जागा बदलून परत मारायचा. अर्ध्या मिनिटात पडद्यावर कार्बन ३.४, सिलिकॉन २.१, मँगनीज, फॉस्फरस, सल्फर, सगळं टक्क्यात.

हे येतं कुठनं? ठिणगीनं अणू पेटतात, इलेक्ट्रॉन वरच्या पातळीला जातात, खाली येताना प्रकाश टाकतात. लोखंडाच्या रेषा वेगळ्या, मॅग्नेशियमच्या वेगळ्या. आतली जाळी त्या फाकवते आणि प्रत्येक रेषेला तिचा तिचा सेन्सर बसवलेला असतो. एसजी आयर्न (ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असलेलं ओतीव लोखंड) ओतताना मॅग्नेशियम ०.०४ टक्क्याच्या आसपास नाही आलं तर ग्रॅफाइटचे गोळे होत नाहीत आणि अख्खी हीट (भट्टीतला एका वेळचा माल) भंगारात. बोर चुकला का बरोबर ते मास्तरांना विचारा. रेषा चुकत नाहीत एवढं मी सांगतो.

गुजरीकर
नाद खुळा! पण मग आमच्या टंच (शुद्धता) काढायच्या मशीनमध्ये ठिणगी बिणगी काही नसते. डाग, म्हणजे दागिना, खिडकीवर ठेवायचा, झाकण लावायचं, सोनं ९१.६, चांदी अमुक, तांबं तमुक. डागाला ओरखडाही नाही.

शेंडा_पार्क
ते क्ष-किरणांचं. फौंड्रीतली ठिणगी बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना हलवते, म्हणून उजेड डोळ्याला दिसणारा किंवा अतिनील. तुमचं मशीन अगदी आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन उडवतं. रिकाम्या जागी वरचा खाली येतो आणि क्ष-किरण बाहेर पडतो. पातळ्यांमधलं अंतर हजारो इलेक्ट्रॉनव्होल्टचं (हे ऊर्जेचं अगदी लहान एकक).

इथं हेन्री मोसलीचं नाव घ्यायलाच हवं. १९१३-१४ मध्ये या पोरानं मूलद्रव्यांचे क्ष-किरण ओळीनं मोजले आणि बोरचं सूत्र थेट त्यांना लावलं. हायड्रोजनमध्ये दुसऱ्या पातळीतून पहिलीत येताना १०.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट सुटतात. जड अणूसाठी त्याला अणुक्रमांकातून एक वजा करून आलेल्या संख्येच्या वर्गानं गुणा. तांब्याचा अणुक्रमांक २९, म्हणजे २८ चा वर्ग ७८४. गुणाकार सुमारे ८,०००. तुमच्या मशीनच्या पडद्यावर तांब्याचं शिखर ८.०५ हजारांवर उभं असतं, बघा कधीतरी. सोन्याची सगळ्यात आतली पातळी मात्र ८० हजारांच्या पुढं, तिथवर या मशीनची नळी पोचत नाही. म्हणून सोनं दुसऱ्या कवचाच्या रेषांवर ओळखतात, ९.७ आणि ११.४ हजारांच्या.

मोसली १९१५ च्या ऑगस्टमध्ये गॅलिपोलीच्या लढाईत गेला. वय २७.

गुजरीकर
बघतो. गिऱ्हाईकांसाठी एक सांगून ठेवतो. हे मशीन वरच्या काही मायक्रॉनांचंच बोलतं. जाड मुलामा असला तर आत काय दडलंय ते कळत नाही, तिथं वितळवूनच टंच काढावा लागतो.

घाटावरची
रेषांवरून आठवलं. हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला ना? गगनबावड्यातून उतरून गेलो होतो, तिथं साहेबाचे कट्टे दाखवतात. लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं तिथूनच सूर्यग्रहण पाहिलं म्हणे.

मास्तर_निवृत्त
कट्टे आहेत, कथाही लोकप्रिय आहे, पण लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची पट्टी भारतावरून गेली आणि फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियरनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडातूनच सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट घेतला. ५८७.६ नॅनोमीटरची पिवळी रेषा सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ शी जुळेना, म्हणून नवं मूलद्रव्य मानलं गेलं. पृथ्वीवर ते रॅम्झींना १८९५ मध्ये सापडलं. विजयदुर्गाला जा जरूर, किल्ला झकासच आहे.

उंटावरचा_शहाणा
सगळे रेषा रेषा करताय. रेषा दिसल्या म्हणजे पातळ्या दिसल्या कशा? प्रकाशाच्या रेषा समजावायला तुम्ही पातळ्या मानल्या, आणि पातळ्यांचा पुरावा काय तर प्रकाशाच्या रेषा. आमच्या गल्लीत याला गोल गोल फिरवणं म्हणतात.

प्रॅक्टिकल_नं_७
शहाणे, आक्षेप रास्त. म्हणूनच १९१४ चा फ्रांक आणि हर्ट्झ यांचा प्रयोग मोलाचा. त्यात अणूला प्रकाश दाखवायचाच नाही, इलेक्ट्रॉननं टक्कर द्यायची. पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले आणि व्होल्टेज हळूहळू वाढवलं. प्रवाह वाढत जातो आणि ४.९ व्होल्टच्या सुमारास धाडकन पडतो. पुन्हा वाढतो, ९.८ ला पुन्हा पडतो. पाऱ्याचा अणू ऊर्जा घेतो तर ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्टच घेतो, चार दिले तर नको म्हणतो. मग ती वाफ प्रकाश कुठला सोडते ते पाहिलं. २५४ नॅनोमीटरच्या आसपासची एकच अतिनील रेषा. १२४० ला इलेक्ट्रॉनव्होल्टमधल्या ऊर्जेनं भागलं की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते; ४.९ नं भागा, तेच येतं. टक्कर वेगळी, प्रकाश वेगळा, आकडा एकच.

गंमत म्हणजे त्या दोघांना सुरुवातीला वाटलं, आपण इलेक्ट्रॉन पार बाहेर काढण्याची ऊर्जा मोजली. बोरनी दाखवून दिलं की ही फक्त वरच्या पातळीवर ढकलण्याची ऊर्जा आहे.

कॉलेजात हा प्रयोग बहुतेक आर्गॉनच्या नळीवर असतो, कारण पाऱ्याची नळी तापवावी लागते. तिथं दोन शिखरांत साडेअकरा-बारा व्होल्टचं अंतर येतं. आलेख कागदावर बिंदू मांडत जाताना पहिली दरी दिसते ना, तेव्हा झोप उडते. पहिलं शिखर मात्र ठरलेल्या जागी येत नाही, इलेक्ट्रोडांमुळं थोडं सरकतं. म्हणून शिखरांमधलं अंतर घ्यायचं. परीक्षक हेच विचारतात.

उंटावरचा_शहाणा
हे पटलं. तरी एक शंका. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून निघाला. किती वारंवारतेचा प्रकाश टाकायचा ते तो कुठं थांबणार यावर ठरतं. मग निघतानाच त्याला मुक्काम माहीत असतो का?

मास्तर_निवृत्त
शहाणे, नाव बदला. हीच शंका रदरफोर्डनी बोरना मार्च १९१३ च्या पत्रात काढली होती, शोधनिबंधाचा मसुदा वाचल्यावर लगेच. बोरकडं उत्तर नव्हतं. उडी कशी होते यावर मॉडेल गप्प, रेषा किती ठळक दिसेल यावरही गप्प.

आता कळंबा_रोडांचा तिसरा प्रश्न. बोर १९१२ मध्ये मँचेस्टरला रदरफोर्डांकडं होते. केंद्रकाचं दुखणं तिथं रोजचंच. १९१३ च्या फेब्रुवारीत हॅन्सन नावाच्या मित्रानं विचारलं की तुझ्या मॉडेलमधून बाल्मरचं सूत्र निघतं का. बोरनी सूत्र पाहिलं आणि गाडी सुटली. त्यांनी काय केलं? इलेक्ट्रॉन ठरावीक अवस्थांतच राहील, तिथं असताना प्रकाश टाकणार नाही, आणि दोन अवस्थांतल्या ऊर्जेच्या फरकाएवढाच प्रकाश बाहेर पडेल, असं सरळ जाहीर केलं. मॅक्सवेल काय म्हणतो ते बाजूला ठेवलं. अवस्था निवडायला कोनीय संवेगाची (फिरण्याचा जोर मोजणारी राशी) अट घातली. ऊर्जा आली उणे १३.६ भागिले एनचा वर्ग, एन म्हणजे पातळीचा क्रमांक.

पोरीला करू द्या: तिसरीतून दुसरीत. १३.६ गुणिले (१/४ वजा १/९), म्हणजे १.८९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. १२४० ला १.८९ नं भागलं की ६५६. बाल्मरची तांबडी रेषा. ते वर्ग कुठून आले आणि खालचे चार कशाचे, सगळं एका दमात सुटलं. चार म्हणजे दोनचा वर्ग, प्रत्येक रेषा दुसऱ्या पातळीत येऊन संपते.

यात तीन गोष्टी एकत्र आहेत आणि पुस्तक त्या एकाच पिशवीत भरतं. ठरावीक ऊर्जापातळ्या, दोन पातळ्यांतल्या फरकाएवढा प्रकाश, आणि वर्तुळाकार कक्षा. पहिल्या दोन आजही खऱ्या. गेली ती तिसरी. १९२६ मध्ये श्रोडिंगरचं समीकरण आलं, त्यात कक्षा नाही, तरी हायड्रोजनसाठी ऊर्जा तीच, उणे १३.६ भागिले एनचा वर्ग. म्हणून उत्तरं बरोबर येतात.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे नशीब.

शेंडा_पार्क
थोडं नशीब आहेच. व्यस्त वर्गाच्या (अंतर दुप्पट झालं की चौथाई होणाऱ्या) बलाला बोरची युक्ती लागू पडते आणि इलेक्ट्रॉन एकच आहे. दुसरा इलेक्ट्रॉन आला की हेलियममध्येच गाडी अडते. पण निव्वळ नशीब म्हणू नका. काही ताऱ्यांच्या प्रकाशातल्या रेषा लोक हायड्रोजनच्या समजत होते. बोर म्हणाले, या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या, केंद्रकाचा भार दुप्पट, त्याचा वर्ग, म्हणून सूत्रात चारपट. फाउलर नावाच्या वर्णपटवाल्यानं हरकत घेतली, मोजमाप चारपट म्हणत नाही, ४.००१६ पट म्हणतं. बोरनी केंद्रकही किंचित हलतं हे धरून हिशोब पुन्हा मांडला. उत्तर ४.००१६३. फाउलर गप्प.

आणि कवच म्हणजे काय, तर इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि तो कुठं सापडण्याची शक्यता किती, याचा पक्का नमुना. हायड्रोजनच्या सगळ्यात खालच्या अवस्थेत बोर म्हणतो कोनीय संवेग एक एकक, खरा आहे शून्य. फिरण्याचं चित्र तिथंच मोडतं. पण केंद्रकापासून सर्वांत जास्त शक्यतेचं अंतर ०.०५२९ नॅनोमीटर, आणि ते बोरच्या पहिल्या कक्षेच्या त्रिज्येएवढंच.

जुना_खासबाग
मग पोरांना थेट श्रोडिंगरच शिकवा की. कशाला आधी चुकीचं भरवायचं?

मास्तर_निवृत्त
अकरावीच्या पोराला ते समीकरण सोडवता येत नाही. मग हातात काय उरतं, तर ऑर्बिटलची (इलेक्ट्रॉन सापडण्याच्या जागांची) रंगीत चित्रं आणि ‘असं असतं’. ती घोकंपट्टी बोरपेक्षा वाईट. बोर निदान कागदावर करून बघता येतो. माझं म्हणणं एवढंच की धडा बाल्मरच्या चार आकड्यांपासून सुरू करा. मर्यादा शेवटी यादीत न टाकता रदरफोर्डनी बोरना लिहिलेल्या पत्राजवळ सांगा. मार्कांसाठी मात्र, कळंबा_रोड, पोरीला पुस्तकातले मुद्देच लिहू द्या. पेपर तपासणाऱ्याला फाउलर नको असतो.

कळंबा_रोड
सगळ्यांचे आभार. अपूर्णांकांची गंमत तिला दाखवली. तिनं स्वतःच पुढं ६४/६० करून ३८८.९ काढलं आणि विचारतेय, ही रेषा असते का.

प्रॅक्टिकल_नं_७
असते, ३८८.९ लाच. फक्त अतिनीलच्या उंबरठ्यावर, डोळ्याला दिसायची मारामार. घरी काही बघायचं असेल तर जुनी सीडी आणि जुनी ट्यूबलाइट घ्या. खोलीत अंधार करून ट्यूबचं प्रतिबिंब सीडीवर तिरकं धरा. सलग पट्ट्यात ५४६ ची हिरवी आणि ४३६ ची निळसर जांभळी उठून दिसेल, दोन्ही पाऱ्याच्या. मग एलईडीखाली धरा, तिथं तशा रेषा नाहीत. सूर्याकडं सीडी धरून बघू नका, डोळे जातील.

उद्यमनगरी
शिरोलीकडं यायचं असेल तर पोरीला घेऊन या. मात्र दुपारी या, सकाळी हीट चालू असते, लॅबवाला चिडतो. पायात बूट पाहिजेत, चपला घालून आलात तर गेटवरच अडवतील.